अंशाला अकराशे हर्ट्झ: घरगुती संथ ट्यूनिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात एखाद्या जुन्या रेडिओचा सांगाडा हाती लागला, तर हौशी रेडिओवाला त्यातला गँग आधी उचलतो. अर्धवर्तुळाकार पत्र्यांचा हा फिरता कंडेन्सर ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी बदलतो, त्यामुळे त्याची किंमत सगळ्यांना कळते. त्याच्याशेजारचे दोरीचे चाक आणि बारीक दांडा मात्र बहुधा भंगारातच राहून जातो. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

हिशेब सोपा आहे. भारतात हौशींसाठी असलेला ४० मीटरचा पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २०० किलोहर्ट्झ रुंद.   गँग फिरतो १८० अंशांत. तेव्हा एका अंशाला साधारण अकराशे हर्ट्झ. एसएसबीवरचा (सिंगल साइडबँडवरचा) आवाज माणसासारखा ऐकू यायला ट्यूनिंग ५० हर्ट्झच्या आत बसावे लागते. त्यासाठी गँग अंशाच्या बाविसाव्या भागाने हलवता आला पाहिजे, आणि ते नुसत्या हाताला जमत नाही. यावर उपाय करताना ट्यूनिंगचा वेग, यंत्रणेतली ढिलाई आणि फ्रिक्वेन्सीचे आपोआप सरकणे हे तीन वेगळे दोष एकमेकांत मिसळले जातात. पुढचे बहुतेक गैरसमज या सरमिसळीतूनच आले आहेत.

मोठा नॉब बसवला की ट्यूनिंग संथ होते.

यात थोडे तथ्य आहे, म्हणून हा समज टिकून आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या नॉबचा परीघ १५७ मिलिमीटर. कडेवर बोट १ मिलिमीटर सरकले की दांडा सुमारे २.३ अंश फिरतो; ३० मिलिमीटरच्या नॉबवर तेवढ्याच हालचालीत तो ३.८ अंश फिरतो. फायदा दिसतो, पण दीडपटीहून थोडासाच जास्त. थेट जोडलेल्या गँगवर २.३ अंश म्हणजे अडीच किलोहर्ट्झ, जवळजवळ एका अख्ख्या एसएसबी सिग्नलची रुंदी. बोटाच्या १ मिलिमीटर हालचालीला ५० हर्ट्झ हवे असतील, तर नॉबचा व्यास अडीच मीटर लागेल. मोठा, जड नॉब बसवावा जरूर, पण आधी गती कमी करणारी यंत्रणा आणि मग नॉब.

चांगली संथ यंत्रणा घरी होत नाही. परदेशी बॉल-ड्राइव्ह किंवा कारखान्यातला गिअरबॉक्सच लागतो.

हा समज जुन्या परदेशी पुस्तकांतून आला. त्यांत ब्रिटनच्या जॅक्सन ब्रदर्सचा ६:१ बॉल-ड्राइव्ह नाहीतर महायुद्धातल्या लष्करी संचांचे वर्म-गिअर असत. त्या वस्तू उत्तम होत्या, यात वाद नाही. पण घरोघरच्या व्हॉल्व्ह रेडिओत हेच काम दोरीने होत होते आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार होत होते.

दोरीच्या यंत्रणेत गँगवर मोठे चाक आणि नॉबच्या दांड्यावर दोरीचे वेढे असतात. ६० मिलिमीटरचे चाक आणि ६ मिलिमीटरचा दांडा घेतला की १०:१ गुणोत्तर मिळेल, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात ते दोरीच्या मध्यरेषेवरून मोजावे लागते. दोरी ०.८ मिलिमीटर जाड असेल तर ६०.८ भागिले ६.८, म्हणजे नऊच्या किंचित खाली. फरक छोटा वाटला तरी डायलवर खुणा छापून बसलेल्याला तो महागात पडतो.

दोरी घसरते ही तक्रार खरी, पण दोष दोरीचा नसून वेढ्यांचा असतो. दांड्याभोवती एकच वेढा दिला तर ती घसरणारच. घर्षणाची पकड वेढ्यांच्या कोनाबरोबर घातांकी वाढते: घर्षणांक ०.२ धरला तर अडीच वेढ्यांत ओढीचे गुणोत्तर वीसपटीच्या पुढे जाते. वेढे एकमेकांवर चढू नयेत म्हणून दांड्याचा तो भाग गुळगुळीत आणि जरा लांब ठेवावा. दोरीचे टोक चाकाच्या आतल्या स्प्रिंगला बांधावे. उन्हाळा-पावसाळ्यात दोरी ताणते-आक्रसते, तो फरक हीच स्प्रिंग खाऊन टाकते. बेअरिंगसाठी जुने व्हॉल्यूम कंट्रोल उघडून त्यातली कार्बनची पट्टी आणि थांबा काढला की ६ मिलिमीटरचा दांडा त्याच्या पितळी बुशसह तयार मिळतो. एक टप्पा नऊ पटींचा आणि दुसरा चार पटींचा केला की ३६:१ होते आणि नॉबच्या एका फेरीला ११ किलोहर्ट्झ पडतात. पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अठरा फेऱ्या. एसएसबीसाठी हे सुखाचे ट्यूनिंग आहे.

ज्या संभाजीनगर शहराच्या वाळूज आणि चिकलठाणा भागांत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथ रात्रंदिवस फिरतात, तिथे ६ मिलिमीटरचा पितळी बुश टर्नरकडून करून घेणे अवघड नाही. तरीही मुद्दा लेथचा नाही. दोरीच्या यंत्रणेची अचूकता स्प्रिंग सांभाळते, त्यामुळे दोन-चार शतांश मिलिमीटरचा फरक तिला सहज पचतो. चाक मात्र दांड्यावर मध्यावर बसले पाहिजे. ते बाजूला सरकले असेल तर गुणोत्तर फेरीच्या एका भागात वाढते, दुसऱ्या भागात घटते आणि डायलच्या खुणा असमान येतात.

गुणोत्तर जितके मोठे तितके उत्तम.

१००:१ ऐकायला भारी वाटते. पण नॉबच्या एका फेरीला गँग फक्त ३.६ अंश हलतो आणि पट्टा ओलांडायला पन्नास फेऱ्या लागतात. कोणी हाक मारली तर तिथे पोहोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. त्याहून महत्त्वाची बाब ढिलाईची. गँगच्या शेवटच्या जोडावर ०.१ अंश ढिलाई असेल, तर फ्रिक्वेन्सीत १११ हर्ट्झची अनिश्चितता येते. गुणोत्तर ३६:१ असो वा १००:१, ती अनिश्चितता तेवढीच राहते. बदलतो तो नॉबचा रिकामा फिरण्याचा कोन: ३६:१ ला ३.६ अंश, १००:१ ला पूर्ण १० अंश. दिशा बदलताना नॉब फिरतो आणि आवाजात काहीच बदल होत नाही, ही चिडचिड मोठ्या गुणोत्तराने वाढतेच. उलट नॉबच्या बाजूच्या पहिल्या टप्प्यातली ढिलाई पुढच्या टप्प्यांनी भागली जाते आणि फारशी जाणवत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती गँगला चिकटलेल्या शेवटच्या चाकाची. बहुतेकांचे लक्ष नॉबकडे असते, ते चुकीच्या टोकाकडे.

दाते घट्ट बसवले की बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) जातो.

घट्ट बसवल्यावर पहिल्या दिवशी तो खरेच गेल्यासारखा वाटतो. मात्र घरगुती चाकाचे दाते सगळीकडे सारखे नसतात. एका जागी घट्ट केलेली जोडी दुसऱ्या जागी अडकते किंवा सैल होते, आणि घासून दाते झिजले की ढिलाई आणखी वाढते. जाणकारांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. एकाच मापाची दोन पातळ चाके एकमेकांवर ठेवायची, त्यातले एकच दांड्याला पक्के करायचे आणि दोघांमध्ये स्प्रिंग टाकून त्यांना किंचित विरुद्ध दिशांना ताणायचे. मग समोरच्या चाकाच्या दातांना दोन्ही बाजूंनी स्पर्श राहतो. जुन्या प्रिंटरमधून किंवा खेळण्यांतून काढलेल्या चाकांवरही ही युक्ती चालते. गँगच्या दांड्यालाच एक हलकी स्प्रिंग लावून तो कायम एका दिशेला ओढलेला ठेवला, तरी साध्या चाकांचे काम भागते.

संथपणा फक्त चाकांतून येतो.

गँगची फिरण्याची यंत्रणा दिसते, सर्किटचे गणित दिसत नाही, म्हणून हा समज. ७.००० वरून ७.२०० मेगाहर्ट्झला जायला फ्रिक्वेन्सी २.९ टक्क्यांनी वाढते, आणि त्यासाठी कपॅसिटन्स साधारण साडेपाच टक्के घटावा लागतो. सर्किटमधला एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर बदलणारा भाग फक्त ११ पिकोफॅरडचा पुरतो. तिथे ३६५ पिकोफॅरडचा गँग थेट लावला तर तो पट्टा आपल्या फिरण्याच्या एका छोट्या कोपऱ्यात कोंबतो. मग चाके कितीही जोडली तरी गँगचा उरलेला कोन वायाच जातो. आधी सर्किटमध्ये पट्टा पसरवावा, मग उरलेला संथपणा चाकांकडून मागावा.

इथे एक उपगैरसमज दडलेला आहे: मोठ्या गँगच्या सिरीजमध्ये छोटा कंडेन्सर लावला की काम झाले. १४० पिकोफॅरडच्या पीव्हीसी (प्लास्टिक फिल्मच्या) गँगसोबत १२ पिकोफॅरड सिरीजमध्ये घेऊन पाहावे. गँग पूर्ण मिटला की एकूण ११ पिकोफॅरड. अर्ध्यावर आला, म्हणजे ७२ पिकोफॅरड राहिले, तरी १०.३. पूर्ण उघडला, समजा ५ उरले, की ३.५. याचा अर्थ पहिल्या अर्ध्या फेरीत जेमतेम पाऊण पिकोफॅरड बदलतो आणि जवळजवळ सगळा बदल दुसऱ्या अर्ध्यात, त्यातही शेवटच्या काही अंशांत गर्दी करतो. डायलचा एक भाग ओसाड आणि दुसऱ्यावर स्टेशनांची चेंगराचेंगरी. एएम-एफएम रेडिओच्या पीव्हीसी गँगमध्ये एफएमचा सुमारे २० पिकोफॅरडचा वेगळा भाग असतो, तो वापरणे जास्त शहाणपणाचे. एकूण कपॅसिटन्स ३०० पिकोफॅरडच्या आसपास ठेवला की तो एकटा हा पट्टा नीट झाकतो आणि खुणाही बऱ्यापैकी समान अंतरावर येतात.

ट्यूनिंग संथ केले की फ्रिक्वेन्सी सरकायची थांबते.

सर्वांत खोल रुजलेला समज हाच. तो पटण्याजोगा वाटतो, कारण संथ यंत्रणा बसवल्यावर स्टेशन हातातून निसटत नाही आणि माणसाला वाटते की ऑसिलेटर स्थिर झाला. वास्तविक स्थिर झालेला असतो तो हात. ऑसिलेटर आपल्या मर्जीने सरकतच असतो. फक्त त्याच्या मागे जाणे आता सोपे झालेले असते.

सरकण्याचे कारण तापमान. फ्रिक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून कपॅसिटन्स दर अंश सेल्सिअसला दशलक्षात १०० भागांनी बदलला तर फ्रिक्वेन्सी ५० भागांनी बदलते. ७ मेगाहर्ट्झवर हे झाले दर अंशाला ३५० हर्ट्झ. संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० च्या पुढे जातो आणि रात्री बराच खाली येतो. गच्चीवरच्या खोलीत दुपार आणि रात्र यांत दहा अंशांचा फरक पडला, तरी साडेतीन किलोहर्ट्झ गेले. कोणतेही चाक, कोणतीही दोरी यातला एक हर्ट्झही परत आणत नाही. मराठवाड्यात त्यात कूलरची भर पडते. त्याची ओलसर हवा थेट ऑसिलेटरच्या डब्यावर येत असेल, तर कॉइल गार होते, हवा थांबली की पुन्हा तापते, आणि आवाज वर-खाली तरंगत राहतो.

उपाय यांत्रिक नाहीत. सर्किटमध्ये एनपीओ जातीचे कंडेन्सर वापरावेत. त्यांचा बदल दर अंशाला दशलक्षात ३० भागांच्या आत असतो. एकच मोठा कंडेन्सर घेण्यापेक्षा चार-पाच लहान कंडेन्सर समांतर जोडले की प्रत्येकातून कमी प्रवाह जातो आणि ते कमी तापतात. कॉइलची तार ताणून, पक्की गुंडाळावी आणि हलू देऊ नये. ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर द्यावा, नाहीतर वीज जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की फ्रिक्वेन्सीही उडी मारते. डबा पत्र्याचा, झाकण बंद, उष्णता देणारे भाग बाहेर. पीव्हीसी गँगच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि ती उष्णतेने बदलते. जमत असेल तर हवेचा गँगच घ्यावा.

कॉइलमध्ये फिरवायला कोणताही बोल्ट चालतो.

गँगऐवजी कॉइलमध्ये बोल्ट आत-बाहेर करून ट्यूनिंग करणे ही घरगुती बांधणीची फार सुंदर पद्धत आहे. अमेरिकेच्या कॉलिन्स कंपनीचे नामांकित संच याच तत्त्वावर उभे होते. एम६ बोल्टचे आटे एका फेरीला १ मिलिमीटर पुढे जातात, म्हणजे संथपणा बोल्टमध्येच आलेला आहे. वेगळे चाक लागत नाही. पण हाताशी आला तो लोखंडी बोल्ट टाकला की निराशा येते. लोखंड चुंबकीय असते, त्यात ऊर्जा जास्त वाया जाते आणि उष्णतेने त्याचे गुण बदलतात. पितळी बोल्ट चुंबकीय नसतो. त्याच्यात प्रेरित झालेले प्रवाह कॉइलचा इंडक्टन्स घटवतात, म्हणून तो आत शिरला की फ्रिक्वेन्सी वाढते. फेराइटची कांडी आत सरकवली तर उलट घडते, फ्रिक्वेन्सी उतरते.

दुसरी खोच नटमध्ये आहे. एकाच नटमध्ये बोल्ट डगमगतो आणि ती प्रत्येक डगमग फ्रिक्वेन्सीत ऐकू येते. दोन नट काही अंतरावर बसवून मध्ये स्प्रिंग दाबून ठेवली की आट्यांची ढिलाई एका बाजूला दाबली जाते. नट पत्र्याला सोल्डर केलेला आणि जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) जोडलेला असावा. बोल्टचा जमिनीशी संपर्क अर्धवट असेल तर फिरवताना हेडफोनमध्ये खरखर येते, आणि ती आट्यांत तेल घालून जात नाही.

वॅरॅक्टर आणि दहा फेऱ्यांचा पॉट लावला की यांत्रिक भानगड संपली.

वॅरॅक्टर म्हणजे व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड. चाके जातात, पण त्यांच्या जागी व्होल्टेज येते आणि व्होल्टेजलाही स्वतःची ढिलाई असते. १० व्होल्टांत २०० किलोहर्ट्झ झाकायचे म्हटले तर १ मिलिव्होल्टचा चढउतार सरासरी २० हर्ट्झ हलवतो. रेग्युलेटरमधली खरखर, मेनची हम, पॉटच्या पट्टीवरची धूळ, सगळे फ्रिक्वेन्सीत उमटते. दहा फेऱ्यांचे बरेच पॉट तारेचे असतात आणि त्यांच्यात फिरवणारा स्पर्श एका वेढ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पट्टीत दोन हजार वेढे असतील तर प्रत्येक उडी १०० हर्ट्झची. डायोडचे तापमानाने बदलणे कमी व्होल्टेजवर सर्वाधिक असते. म्हणून ट्यूनिंगच्या खालच्या टोकाचे व्होल्टेजही दोन-तीन व्होल्टांच्या वर ठेवणे योग्य. मुख्य ट्यूनिंग गँगने आणि शेवटचे शे-दोनशे हर्ट्झ वॅरॅक्टरने, अशी विभागणी केली तर दोन्हींचे दोष झाकले जातात.

डिजिटल ऑसिलेटर आले, आता हे सगळे निरर्थक.

फक्त बोलायचेच आहे त्याने डिजिटल घ्यावे. त्यात कमीपणा नाही. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी नळाच्या नायलॉन वॉशरवर कॉइल गुंडाळून बिट्क्स हा एसएसबी संच भारतीय बाजारातल्या वस्तूंत बसवला आणि तो जगभर बांधला गेला. २०१६ चा बिट्क्स-४० आधी पॉट आणि वॅरॅक्टरने ट्यून होत असे. पुढच्याच वर्षी त्याला अर्डुइनो नॅनो आणि एसआय५३५१ चिप असलेला राडुइनो मिळाला आणि सरकण्याची तक्रार जवळजवळ मिटली. पण ट्यूनिंगच्या वेगाचा प्रश्न तिथेही उभा राहतोच. सामान्य एन्कोडर एका फेरीला २० टकटक देतो. प्रत्येक टकला १० हर्ट्झ ठेवले तर २०० किलोहर्ट्झसाठी एक हजार फेऱ्या. १ किलोहर्ट्झ ठेवले तर दहा फेऱ्या, पण मग आवाज कधीच नीट बसत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये हळू फिरवल्यास लहान आणि भरभर फिरवल्यास मोठी पावले असा नियम घालावा लागतो. तो नियम कसा असावा हे ज्याने दोरीचे चाक बांधले आहे त्याला चटकन कळते.

हात जवळ नेला की फ्रिक्वेन्सी हलते, म्हणजे अर्थिंग खराब आहे.

बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगचा संबंध नसतो. गँगचा फिरता भाग सर्किटच्या गरम टोकाला जोडलेला असतो आणि दांड्यावाटे हाताचा कपॅसिटन्स त्यात मिसळतो. फिरता भाग जमिनीला, स्थिर भाग गरम टोकाला आणि पुढचे पॅनेल धातूचे केले की हा त्रास जातो. नुसता प्लास्टिकचा दांडा जोडणे अर्धा उपाय आहे.

डायलवर पट्ट्याच्या आत आहे, म्हणजे सिग्नलही आत आहे.

प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो, आणि पट्ट्याबाहेर जाणारा सिग्नल ही परवानाधारकाची जबाबदारी असते, त्याच्या डायलची नाही. ४० मीटरवर एसएसबी खालच्या साइडबँडवर चालते, म्हणजे आवाज डायलच्या आकड्याच्या खाली सुमारे ३ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. डायलवर ७.००१ दिसत असताना सिग्नलचा मोठा भाग ७.००० च्या खाली गेलेला असतो. त्यात दहा अंशांच्या उष्णतेने साडेतीन किलोहर्ट्झची घसरण मिसळली की ७.००५ वरचा आवाजही बाहेर पडतो. म्हणून घरगुती डायलच्या खालच्या टोकाची लाल रेघ ७.००० वर न काढता ७.०१० च्या आसपास काढावी, आणि ती खूण रात्री गारव्यात तपासली असेल तर दुपारी संच तासभर तापल्यावर पुन्हा तपासावी.